खोक्यावरचं वय आणि समोरचं मूल: खेळणी निवडायची कशी

खेळणं घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, वय किती? मग त्या वयाचं म्हणून जे काही समोर येतं त्यातलं एक आपण उचलतो, घरी आणतो, मूल ते दहा मिनिटं हाताळतं आणि परत किचनमधल्या डब्यांकडे वळतं. आपण हिरमुसतो. पण त्या वेळी त्याला खरंच डब्यांचंच काम पडलेलं असतं, झाकण बसतं का, आत काय आहे, आपटलं की आवाज कसा येतो, हे सगळं त्याला आत्ता शोधायचं असतं. म्हणून खाली वयानुसार खेळणी सांगतेच आहे, पण त्याआधी एक सवय लावून घ्या असं मनापासून सांगेन: आधी मूल सध्या कशाच्या मागे लागलंय ते बघायचं, खरेदी नंतर.

पायरी १: दोन-तीन दिवस नुसतं बघा

लहान मुलांना एका वेळी एखादाच नाद लागलेला असतो. कोणी हाताला लागेल ते फेकतं, कोणी पिशवीत भरभरून या खोलीतून त्या खोलीत नेतं, कोणी गाडी उलटी करून चाकंच फिरवत बसतं, कोणी सगळ्या वस्तू रांगेत लावतं, कोणी टेबलाखाली घर करून बसतं. मोठ्यांना यात हट्ट दिसतो, खोड्या दिसतात, पण तो त्यांचा अभ्यास चालू असतो आणि तोच आपल्याला खेळण्याचं उत्तर देतो. फेकणाऱ्याला मऊ चेंडू आणि एक बादली द्या. सामान वाहणाऱ्याला ढकलायची गाडी किंवा हँडलची छोटी टोपली. फिरवणाऱ्याला भोवरा, मोठे प्लास्टिकचे नट-बोल्ट, दात्यांची चाकं. रांगा लावणाऱ्याला ठोकळे नाहीतर प्राण्यांचा सेट. लपणाऱ्याला दोन खुर्च्या आणि वरून एक चादर, ते तर विकतही आणायला नको.

फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा, सध्या काय चाललंय. खरेदीच्या वेळी रंगीत खोकी बघून डोकं गरगरतं तेव्हा या दोन ओळीच कामाला येतात.

पायरी २: खोक्यावरचं वय सुरक्षिततेसाठी असतं, हुशारीसाठी नाही

हे जरा सविस्तर सांगते कारण इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. "आमचा दोन वर्षांचाच आहे पण खूप हुशार आहे, ३+ चालेल" असं खूप ठिकाणी ऐकलंय. ३+ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा आत घशात अडकू शकतील असे छोटे भाग आहेत असा त्याचा अर्थ असतो. मूल कितीही हुशार असलं तरी त्याची श्वासनलिका त्याच्या वयाएवढीच अरुंद असते आणि वस्तू तोंडात घालायची सवय गेलेली नसते. गोल लाल खुणेत बाळाचा चेहरा आणि ०-३ लिहून त्यावर तिरकी रेघ मारलेली असते, ती खूण दिसली की तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी ते खेळणं परत ठेवायचं, चर्चा नाही.

घरी तपासायची सोपी पद्धत म्हणजे टॉयलेट पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी. खेळण्यांच्या तपासणीत साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, ही नळी त्याहून थोडी रुंद असते, म्हणजे आपली चाचणी जरा कडकच होते आणि ते चांगलंच आहे. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. नुसतं आख्खं खेळणं बघून थांबू नका, सुटू शकणारे भाग पण बघा: टेडीचे डोळे ओढून बघा, गाडीची चाकं ओढा, शिवण ताणून बघा.

आता चार गोष्टी ज्यांच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. पहिली, बटण बॅटरी, ती चपटी गोल चकचकीत. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं, कारण ओलसर जागेत तिच्यातून करंट वाहतो आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. बॅटरीचं झाकण स्क्रूनेच उघडणारं हवं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायच्या फंदात न पडता थेट हॉस्पिटल. दुसरी, छोटे ताकदवान मॅग्नेट. एक गिळलं तर कदाचित निघून जाईल, पण दोन किंवा जास्त पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं दाबून त्याला भोक पाडतात. मोठ्या भावंडाच्या कपाटात असे मॅग्नेट असतील तर धाकट्याचा हात पोचतो का बघा. तिसरी, पाण्यात फुगणारे जेलचे मणी, दिसायला गोळीसारखे सुंदर आणि पोटात गेल्यावर तिथेही फुगतात. चौथी, रबरी फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर पातळ पडद्यासारखा बसतो आणि निघत नाही, म्हणून आठ वर्षांच्या आतल्या मुलांना फुगे मोठ्यांची नजर असतानाच, आणि फुटला की तुकडे लगेच उचलायचे.

आवाज करणारं खेळणं घ्यायच्या आधी आपल्या कानाजवळ धरून वाजवा. आपल्याला टोचला तर बाळाला नक्कीच जास्त, कारण ते तर खेळणं थेट कानाशीच धरतं.

पायरी ३: वयानुसार बघूया

*जन्मापासून ६ महिने.* नव्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा जितका लांब असतो तितकंच. म्हणून पहिले दोन-तीन महिने खेळणं म्हणजे आपला चेहरा आणि आवाज. काही ठेवायचंच असेल तर काळ्या-पांढऱ्या ठळक चित्रांची कार्डं, ज्यात गडद आणि फिकं यातला फरक मोठा आहे. तीन-चार महिन्यांनी हात पुढे जायला लागतो, तेव्हा हलका खुळखुळा, बारीक दांड्याचा, कारण मूठ छोटी असते. पाळण्यावर टांगलेलं फिरतं खेळणं छान आहे, पण बाळ हातापायांवर उठायला लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते काढून टाका, दोरीत अडकायची भीती असते. आणि झोपताना पाळण्यात मऊ खेळणी, उशा काहीच नको, पहिलं वर्षभर तरी.

*६ ते १२ महिने.* हा माझा सगळ्यात आवडता काळ आहे. खुर्चीत बसलेलं नऊ-दहा महिन्यांचं बाळ चमचा खाली टाकतं, टाकल्यावर वाकून बघतं, मग आपल्याकडे बघतं. आपण चमचा उचलून देतो. परत टाकतं. यावेळी हात आणखी बाजूला नेऊन, बोटं एकेक करून सोडत. नीट बघितलंत तर दिसेल की प्रत्येक वेळी काहीतरी बदलून बघतंय. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते ही समज साधारण आठ महिन्यांच्या आसपास यायला लागते असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलं, पुढच्या संशोधकांना त्याची चिन्हं आणखी आधीपासून दिसली, पण काही असो, या वयात लपणं-सापडणं हाच मोठा आनंद. म्हणून बुवा कुक, कापडाखाली लपवलेला चेंडू, झाकणाला फट असलेला डबा ज्यात मोठ्या चकत्या टाकता येतात.

याच काळात अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट जमायला लागते, आणि म्हणूनच जमिनीवरचं बारीकसारीक सगळं उचलून तोंडात जातं. एकात एक बसणारे कप या वयात घेऊन ठेवा, हे एक खेळणं पैसे पूर्ण वसूल करतं: आधी आपटायला, मग रचलेले पाडायला, मग भरायला-ओतायला, मग दीड-दोन वर्षांनी लहान-मोठं लावायला, आणि आंघोळीत तर कितीतरी वर्षं.

वॉकर नको. बाळाला मध्ये बसवून चाकांवर पळवणारा तो वॉकर चालायला शिकवत नाही, उलट जिना आणि गरम वस्तूंपर्यंत बाळ क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे. त्याऐवजी मागून धरून ढकलायची जड गाडी घ्या, बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहतं तेव्हा. गाडी हलकी असेल तर आत थोडं वजन ठेवा म्हणजे पुढे पळत नाही.

*१ ते २ वर्षं.* ढकलणं, ओढणं, भरणं, उपसणं. दोरीने ओढायची गाडी (दोरी आखूड, गळ्याभोवती जाणार नाही एवढीच), मोठे क्रेयॉन, जाड पानांची पुस्तकं, चेंडू. आकार भोकात घालायचा डबा घेतलात तर एकदम सगळे आकार देऊ नका. आधी फक्त गोल द्या, तो कसाही धरला तरी जातो. तो जमला की चौकोन, मग त्रिकोण. सगळे एकदम दिले की मूल झाकण उघडून आत टाकतं आणि मोकळं होतं, जे तसं बघितलं तर योग्यच उत्तर आहे.

दीड वर्षाच्या आसपास एक सुंदर गोष्ट सुरू होते, मूल ठोकळा कानाला लावून "हॅलो" करतं. ही नाटकी खेळाची सुरुवात. इथे साधी बाहुली, मऊ प्राणी, छोटे कप-बशी आणा, बाहुलीला डोळे मिटणारे आणि गाणारे फीचर्स असायची गरज नाही, आवाज मूलच काढेल.

बॅटरीवर बोलणाऱ्या खेळण्यांबद्दल इथेच सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या बाळांशी घरी आईवडील कसे खेळतात ते रेकॉर्ड केलं. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना मोठे कमी बोलले, साधी खेळणी असताना जास्त, पुस्तकं असताना सगळ्यात जास्त. कारण समजायला सोपं आहे, खेळणं बोलायला लागलं की आपण गप्प बसतो. घरात आधीच असलेलं फेकायला नको, कधीकधी बॅटरी काढून द्या, तेच खेळणं वेगळं होतं.

*२ ते ३ वर्षं.* मला स्वतःला करायचंय, हे वय. मोठी बटणं लावणं, पाणी ओतणं, कणकेसारखी मऊ क्ले मळणं. क्लेमध्ये वेगळं काही घ्यायला नको, लाटणं आणि बोथट चाकू पुरे. चार ते सहा तुकड्यांचं पझल. पेडल नसलेली, पायाने ढकलायची बॅलन्स सायकल या वयात सुरू करता येते आणि तिच्यावर तोल शिकलेली मुलं पुढे पेडलवर पटकन जातात, आधाराची छोटी चाकं लागतच नाहीत बऱ्याचदा. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, म्हणजे सवयच होते.

मोठ्या आकाराचे जोडायचे ब्लॉक आता घ्या. लेगोची डुप्लो मालिका १९६९ मध्ये याच विचाराने आली, प्रत्येक बाजू नेहमीच्या विटेच्या दुप्पट, त्यामुळे गिळता येत नाही आणि छोट्या हातात बसते, शिवाय पुढे नेहमीच्या विटांनाही जोडता येते. कुठल्याही कंपनीचे घ्या, पण घेताना पुढच्या वयात चालणारे घेतलेत तर फायदा.

*३ ते ५ वर्षं.* इथे पैसे कुठे घालावेत असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून साधे लाकडी ठोकळे सांगते. बिनरंगी, भरपूर, आणि मापात असलेले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी ठोकळ्यांनाच शिक्षणात मानाची जागा दिली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी ज्यांना युनिट ब्लॉक म्हणतात ते बनवले, त्यात जाडी, रुंदी आणि लांबीचं प्रमाण १:२:४ असं असतं. याचा उपयोग काय? मूल पूल बांधत असतं, लांब ठोकळा संपलेला असतो, मग ते दोन छोटे शेजारी ठेवून बघतं आणि बरोब्बर तेवढीच लांबी होते. कोणी सांगितलेलं नसतं, पण अर्धा आणि दुप्पट हाताला कळलेलं असतं. मापात नसलेल्या स्वस्त सेटमध्ये नेमकं हेच जमत नाही, बांधकाम तिरकं होतं आणि मूल वैतागून सोडून देतं.

ठोकळ्यांच्या खेळाचा एक क्रम दिसतो: आधी नुसते इकडून तिकडे नेणं, मग रांग आणि मनोरा, मग दोन खांबांवर आडवा ठेवून पूल, मग चारही बाजूंनी बंद केलेलं आवार, मग दोन्हीकडे सारखी नक्षी, आणि शेवटी "हे हॉस्पिटल आहे" असं नाव देऊन बांधणं. तुमचं मूल कुठे आहे ते बघून एखादीच गोष्ट पुढे सरकवा, आवार बांधायला लागलं असेल तर चार प्राणी शेजारी ठेवून द्या. बास. शिकवायला बसू नका.

दुसरी मोठी गोष्ट नाटकी खेळ. भातुकली, डॉक्टरचा सेट, दुकान-दुकान, जुन्या ओढण्या, शर्ट, टोप्या. मुलगा आहे म्हणून गाड्याच आणि मुलगी आहे म्हणून बाहुल्याच असं करू नका, मुलांना दोन्ही हवं असतं. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर मूल टेडीला दहा वेळा इंजेक्शन देतं, यावेळी सुई स्वतःच्या हातात असते आणि "आता दुखणार नाही हं" हे तेच सांगत असतं. तेव्हा मध्ये बोलून दुरुस्त करू नका, टेडीला धरून बसायला सांगितलं तर तेवढं करा.

या वयात पहिला बोर्ड गेम आणायला हरकत नाही, पाळी येणं-जाणं कळण्यासाठी. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांच्या २००८ मधल्या संशोधनात १ ते १० आकडे सरळ रेषेत मांडलेला साधा पटाचा खेळ थोडा वेळ खेळल्यावर बालवाडीतल्या मुलांची आकड्यांची समज वाढलेली दिसली. असा पट कागदावर स्केचपेनने घरीच काढता येतो. एकच लक्षात ठेवा, पुढे सरकताना चौकटीतला आकडा मोठ्याने म्हणायचा, "पाच, सहा", नुसतं "एक, दोन" नाही.

पझल १२ ते २४ तुकड्यांची, पाचच्या जवळ ४८ पर्यंत.

*६ ते ८ वर्षं.* नियम आले. नियमांवरून भांडणं पण आली, आणि ती व्हायलाच हवीत. सापशिडीसारखा नुसत्या नशिबाचा खेळ सुरुवातीला बरा कारण मोठ्यांनाही हरवता येतं, मग हळूहळू विचार लागणारे खेळ आणा. हरल्यावर रडणाऱ्या मुलासाठी सगळ्यांनी मिळून खेळायचे, म्हणजे सगळे एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात असे बोर्ड गेम मिळतात, ते खरंच उपयोगी पडतात. छोट्या जोडायच्या विटा, मॅग्नेटिक टाइल्स (कडा पक्क्या बंद आहेत ना ते बघून), दोरीउडी, यो-यो, भिंग, शिवणकामाचा सोपा सेट.

*९ ते १२ वर्षं.* आता मूल स्वतः सांगतं, त्याचं ऐका. मॉडेल बनवणं, पत्त्यांची जादू, साधं सर्किट, बुद्धिबळ, रुबिक क्यूब. हा क्यूब १९७४ मध्ये एर्नो रुबिक या हंगेरीतल्या वास्तुशास्त्राच्या शिक्षकाने बनवला आणि तो पहिल्यांदा सोडवायला त्याला स्वतःलाच खूप दिवस लागले होते, हे मुलांना आवर्जून सांगा, धीर येतो. या वयात "आता मोठा झालास, खेळणी काय" असं म्हणून कपाट रिकामं करू नका, अकरा वर्षांचं मूल दार लावून अजून ठोकळ्यांशी खेळत असतं आणि ते अगदी बरोबर आहे.

बारानंतर खेळण्यापेक्षा साहित्य आणि हत्यारं द्यावीत, खरा स्क्रूड्रायव्हर, चांगले रंग, एखादं वाद्य.

पायरी ४: सगळं एकदम बाहेर ठेवू नका

टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हेने खेळली. घरी करायचं असं: सगळी खेळणी जमिनीवर ओता, मोडलेली आणि तुकडे हरवलेली बाजूला काढा, उरलेल्यांचे तीन-चार भाग करा. प्रत्येक भागात एक बांधायचं, एक नाटकी, एक हाताचं-डोक्याचं आणि एक पळापळीचं असेल असं बघा. एक भाग मुलाच्या उंचीच्या उघड्या शेल्फवर, बाकी पेटीत वर. दोन-तीन आठवड्यांनी, किंवा मूल कंटाळलेलं दिसलं की बदला. झोपताना लागणारा टेडी यातून वगळा, तो कधीच आत जात नाही. ठोकळे पण कायम बाहेर.

मोठ्या खोल पेटीत सगळं टाकू नका, तळाशी गेलेलं खेळणं मुलासाठी नसल्यातच जमा.

धुण्याचं पण इथेच: तोंडात जाणारी खेळणी साबणाच्या पाण्याने, मऊ खेळणी मशीनला चालतात का लेबल बघून. आंघोळीची पिचकारी मारणारी रबरी खेळणी आतून कधीच वाळत नाहीत आणि आत काळी बुरशी धरते. पिळून बघा, काळं पाणी आलं तर टाकून द्या.

पायरी ५: दुसऱ्याच्या मुलाला गिफ्ट द्यायचं असेल तर

आईवडिलांना सरळ विचारा, सध्या कशाशी खेळतोय आणि घरात काय आधीच आहे. घरात धाकटं भावंड आहे का हेही विचारा, कारण सात वर्षांच्या मुलीला दिलेले बारीक मणी तिच्या दहा महिन्यांच्या भावाच्या तोंडात जाऊ शकतात. विचारता येत नसेल तर क्ले, रंग, कागद, चेंडू, पुस्तक यातलं काहीतरी घ्या, ही एकाची दोन झाली तरी वाया जात नाहीत. बॅटरी लागणारं असेल तर बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर सोबत द्या. आणि बदलून घ्यायची पावती वेगळ्या पाकिटात घालून आईवडिलांच्या हातात द्या, गिफ्टच्या खोक्यात नको, कागद फाडायच्या गडबडीत ती कचऱ्यात जाते.